एकाच बाजूला दोन भिंती

सांगतो, पण एका अटीवर. मध्येच कोणी "बाबू, तुम्ही तर हिशेबातले माणूस" असं म्हणायचं नाही. ते वाक्य मला आता शिवीसारखं लागतं. चहा घ्या, बिस्किट बुडवा आणि निमूट ऐका. मी जो घोळ घातला, तो एखाद्या अडाण्याने घातला असता तर लोकांनी त्याला माफ केलं असतं. पण अडाण्याच्या हातून तो झालाच नसता, ही खरी अडचण आहे. त्यासाठी सरकारी टेबलामागे उभी हयात घालवावी लागते.

माझं टेबल अंदाजपत्रकं तपासण्याचं. कोणती कचेरी, ते विचारू नका. तिची काही चूक नाही. इंजिनियर लोक नाल्या, रस्ते, शाळेच्या खोल्या यांचे खर्च मांडून पाठवायचे आणि मी लाल पेन घेऊन त्यातली हवा काढायचो. माझी खासियत एकच, दुबार मागणी. एकच काम दोन नावांनी दोन ठिकाणी घुसवलेलं असलं की मला ते वासाने कळायचं. पहिल्या पानावर 'साफसफाई', चौथ्या पानावर 'स्वच्छता'. मारली रेघ. शेरा : 'दुबार. नामंजूर.' इंजिनियर लोक मला घाबरतात असं मी समजत होतो. ते मला नुसते टाळत होते. यातला फरक रिटायर झाल्यावर कळतो, जेव्हा एकाचाही फोन येत नाही.

तर रिटायर झालो. जो काही पैसा हाती पडला तो बँकेत टाकला. माझी बायको सुमन म्हणाली, "आता घर." बाकी काही म्हणाली नाही. जरीपटक्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला. मालकाचं घर पूर्वेला, त्यामुळे आमच्या वाट्याचं सकाळचं ऊन आधी मालकाच्या गच्चीवर वाळत पडायचं आणि उरलंसुरलं आमच्याकडे यायचं. सुमनला हव्या होत्या दोन बेडरूम, एक मोठं स्वयंपाकघर, हॉल, आणि पुढे पोर्च. पोर्चमध्ये बसून तिला मेथी निवडायची होती. माणसाच्या इच्छा किती साध्या असतात आणि त्यांना सिमेंट किती लागतं.

प्लॉट मला हुडकेश्वरच्या पुढे मिळाला. आसपासच्या भावापेक्षा इतका स्वस्त, की मी दोनदा विचारलं, आकडा ऐकण्यात तर चूक होत नाही ना. रस्त्यावर उभं राहिलं की तो प्लॉट दिसायचाच नाही. दिसायचं ते खालच्या घराचं टिनाचं छत. कारण पुढची बाजू रस्त्याला आणि मागची बाजू पुरुषभर, किंबहुना जास्तच, खाली उतरलेली. एखाद्या घसरगुंडीचा सातबारा करावा तसा तो प्लॉट होता.

एजंट प्रामाणिक निघाला, हे माझं दुर्दैव. म्हणाला, "बाबूजी, खोटं नाही बोलत. नैर्ऋत्य खाली हाय. लोकं येतात, मोबाइलमध्ये कंपास पाहतात अन् निंगून जातात. म्हनून सस्ता हाय."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो कसा सांगू? आमच्या घरात वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून दिशांना सुट्टी आहे. सूर्य कुठून उगवतो एवढं कळलं की आम्हाला पुरतं. म्हणजे बाकीच्यांच्या अंधश्रद्धेवर मला घसघशीत सूट मिळत होती! विवेकी असण्याचा आजवर मला रोख फायदा असा कधी झाला नव्हता.

सुमन प्लॉट पाहायला आली. काठावर उभी राहिली, खाली पाहिलं. म्हणाली, "दिशा राहू द्या. पाण्या-पावसात हे सगळं कुठं जाईन?"

मी तिला तिथेच, भर रस्त्यात, वास्तुशास्त्र कसं थोतांड आहे यावर व्याख्यान दिलं. चांगलं झालं ते. एक सायकलवालाही थांबून ऐकून गेला. सुमनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मी वास्तूचं नाही, पाण्याचं म्हणत होते." पण तोवर मी एजंटकडे वळलो होतो.

खालचं टिनाचं छत भोयर भाऊंचं. हा माणूस एसटीत ड्रायव्हर होता, मूळचा रामटेककडचा, माझ्यासारखाच रिटायर. त्याचं स्वयंपाकघर आमच्या मागच्या हद्दीपासून हाताच्या अंतरावर. खिडकी उघडली की वहिनींच्या फोडणीला आमच्या प्लॉटवरचं गवत दिसायचं. पहिल्या भेटीत भोयर भाऊंनी मला चहा पाजला आणि विचारलं, "बाबूजी, माती भरसान का खोदसान?"

मी म्हटलं, भरणार. रस्त्याच्या बरोबरीला आणणार. भोयर भाऊ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भिंत चांगली बांधजा."

आता पल्लवी. माझ्या कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी, सिव्हिल इंजिनियर, स्वतःचं काम करते. हुशार पोरगी. नकाशा तिने काढला, सुमनच्या मेथीसकट. आणि अंदाजपत्रक माझ्या हाती दिलं.

तुम्हाला कल्पना नाही, त्या दिवशी मला काय वाटलं. किती दिवसांनी हातात अंदाजपत्रक आलं होतं! मी आंघोळ केली, चष्मा पुसला, लाल पेन शोधलं. ते वाळलं होतं, नवीन आणलं. सुमनला सांगितलं, दोन तास मला कोणी हाक मारायची नाही. आणि सुरुवात केली. विटा ठीक. लोखंड जरा जास्त, पण असो. फरशी ठीक. मग पान उलटलं आणि मला तो जुना वास आला.

'मागील बाजू : कंपाउंड वॉल.' त्याच्या चार ओळी खाली, 'मागील बाजू : रिटेनिंग वॉल.'

एकाच बाजूला दोन भिंती!

आणि ही दुसरी भिंत किती रकमेची? जवळजवळ अर्ध्या घराएवढी. मी खुर्चीत मागे रेललो. पोरगी चांगली आहे, पण शेवटी इंजिनियरच, असं मनाशी म्हटलं. मी रेघ मारली. दोन्ही टोकांपर्यंत नीट आडवी, पट्टी लावून. समासात लिहिलं, 'दुबार. नामंजूर.' आणि जुन्या सवयीने खाली सहीसुद्धा केली, स्वतःच्याच घराच्या कागदावर, तारखेसह.

वाचलेल्या पैशातून मी सुमनला पोर्चला ग्रॅनाइट कबूल केलं. ती खूश झाली नाही. म्हणाली, त्या पोरीला एकदा विचारा तरी. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, वाचता येतं मला.

पल्लवीला तो कागद मिळाला तेव्हा ती चंद्रपूरकडे कोणत्याशा कामावर होती. तिचा फोन आला. म्हणाली, "काका, तुम्ही रिटेनिंग वॉल काढून टाकली?" मी म्हटलं, "बेटा, एक भिंत ठेवली आहे ना." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. मग म्हणाली, "काका, मी आठवड्याभरात येते. तोवर प्लॉटवर काही करू नका. काहीच करू नका."

ती गप्प झाली ती पकडली गेली म्हणून, असा मी अर्थ लावला. कचेरीतले इंजिनियरही असेच गप्प व्हायचे. त्यांच्यातल्या किती जणांचं बरोबर होतं, हा विचार अलीकडे मला दुपारी झोपू देत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नशीब फळफळलं. जवळच एका मोठ्या इमारतीच्या तळघराचं खोदकाम चालू होतं. त्यांना मुरूम टाकायला जागा हवी होती, मला मुरूम हवा होता. ठेकेदार म्हणाला, फक्त गाडीभाडं द्या, माल फुकट. फुकट! अंदाजपत्रकात भरावाची जी रक्कम होती तिच्या पाव हिश्शात काम होणार होतं. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणी पल्लवीसाठी थांबेल का?

टिप्पर येऊ लागले. रस्त्यावरून मागे घ्यायचे, काठावर आणायचे, पाठ उचलायची, की धडाधडा लाल मुरूम खाली. मी डोक्याला रुमाल बांधून, छत्री उघडून उभा. ड्रायव्हरला "येऊ द्या, येऊ द्या" असं म्हणण्यात जी सत्ता आहे ती मला मोठ्या साहेबांच्या खुर्चीतही दिसली नव्हती. दिवस कलला तेव्हा माझी घसरगुंडी जवळपास सपाट झाली होती. मागच्या टोकाला मुरमाचा उतरता ढीग भोयर भाऊंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी डोळे भिडवून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोयर भाऊ वर आले. ढिगाऱ्याच्या बाजूने चढताना त्यांचा पाय दोनदा रुतला.

"बाबूजी, हे थांबन का असंच?"

मी म्हटलं, काळजी करू नका, भिंत आहे.

"कुठं हाय?"

"अंदाजपत्रकात आहे."

भोयर भाऊंनी आयुष्यभर घाटात एसटी चालवली. समोर वळण असताना मागचा प्रवासी जोक सांगू लागला तर ड्रायव्हर कसा पाहील, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग बायकोले सांगतो," ते म्हणाले, "का अंदाजपत्रकाच्या आडोशाले सैपाक कर."

ते खाली उतरले तसे त्यांच्यामागून दोन-चार ओंजळी मुरूम आपोआप घरंगळत गेला. कोणी ढकलला नाही, वारा नाही, काही नाही. सुरसुर करत गेला आणि खिडकीखाली जाऊन बसला. मी छत्री मिटली.

पल्लवी ठरल्यापेक्षा आधी आली, त्याच दुपारी. गाडीवरून उतरली, हेल्मेट काढलं नाही. ढिगाच्या काठावर गेली, खाली भोयर भाऊंची खिडकी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे काय करून ठेवलं?"

मी हसत हसत म्हटलं, "भराव. पाव हिश्शात. आता मागे कंपाउंड वॉल घातली की झालं."

"कंपाउंड वॉल कुत्रं अडवायला असते, काका." तिचा आवाज चढला नव्हता, पण तो आवाज मी विसरणार नाही. "इथल्या भिंतीला हा सगळा डोंगर अडवायचा आहे. पावसाचं पाणी शिरलं की तो अजून जड होतो आणि पुढे सरकतो. चार इंची विटांची भिंत तो घेऊन जाईल. भोयर काकांच्या किचनसकट."

मी विचारलं, मग दोन भिंती कशाला? तिने शांतपणे सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. खालची भिंत मातीला धरते. वरची, छोटी, माणसाला धरते, म्हणजे तो काठावरून खाली पडू नये. एक मातीसाठी, एक तुमच्यासाठी. बाजू एक, कामं दोन. आणि मातीला धरणारी भिंत आधी उठते, मग माती भरतात. तुम्ही आधी माती भरली आणि धरणारी भिंत खोडली.

सहज विचारायचं म्हणून मी विचारलं, "पण आत्ता तर उन्हाळा आहे. पावसाला वेळ आहे ना?"

पल्लवीने रामटेकच्या दिशेला बोट केलं. तिकडचं आभाळ जांभळं झालं होतं.

विदर्भात उन्हाळ्यातला अवकाळी पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. येतो तेव्हा गाराही सोबत घेऊन येतो. हवा एकदम पडली. झाडाचं पान हलेना. पल्लवी ओरडली नाही, धावलीही नाही. एकेक गोष्ट सांगत गेली आणि आम्ही करत गेलो. ताडपत्री पाहिजे, मोठी. माझ्याकडे छत्री होती. भोयर भाऊंचा भाचा लग्नाचे मांडव घालायचा, त्याचं सामान त्यांच्या अंगणातच पडलं होतं. आम्ही दोघे म्हातारे मांडवाच्या ताडपत्र्या ओढत त्या ढिगावर चढलो. एक पाऊल वर, अर्धं खाली. पल्लवी काठावर चर काढू लागली, रस्त्याचं पाणी ढिगाकडे न येता बाजूने जावं म्हणून. माझ्या घराची इंजिनियर हेल्मेट घालून कुदळ मारत होती आणि ज्याने तिचा कागद लाल केला तो तिला फावडं शोधून देत होता.

खाली वेगळाच तिढा. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हत्या. भोयर भाऊ खिडकीतून विनवत होते.

"बाहेर ये वं. सिलिंडर मी काढतो."

आतून आवाज आला, "तव्यावर भाकर हाय. तुमच्या बाबूले सांगा, भाकर होयेपर्यंत धरून ठेवा म्हना."

अहो, मी धरूनच होतो. ताडपत्रीचं एक टोक माझ्या दोन्ही हातांत, टाचा मुरमात रुतलेल्या. तेवढ्यात पहिला थेंब पडला, लिंबाएवढा. मग दुसरा. मग कोणी मोजणार नाही असे.

तो पाऊस किती वेळ पडला ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं, की ताडपत्रीवर आवाज इतका होता की भोयर भाऊंचं तोंड हलताना दिसायचं, शब्द ऐकू येत नव्हते. सिलिंडर ते काढून ओसरीत ठेवून आले होते. वहिनी शेवटी बाहेर आल्या, पदराखाली भाकरी झाकून. आणि मग माझ्या पायाखाली काहीतरी बदललं. जमीन हलली असं नाही म्हणत. जमिनीने उसासा टाकला. ताडपत्रीखालून, एकदम खालच्या कडेला, एक लाल जीभ बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे सावकाश चालू लागली. घाई नव्हती तिला. मी पाहतोय, भोयर भाऊ पाहताहेत, पल्लवी कुदळ टाकून उभी. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला सुमनचं पोर्च आठवलं नाही, पैसा आठवला नाही. त्या भिंतीमागच्या फळीवरचे वहिनींचे डबे आठवले. चहाच्या वेळी मी पाहिले होते ते, नीट ओळीत.

जीभ भिंतीला टेकली. खिडकीच्या खालपर्यंत चढली. खिडकीची एक काच तडकली, गिलाव्याला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर गेली.

आणि ती तिथेच थांबली.

पाऊस ओसरला. भोयर भाऊंनी हात लावून भिंत पाहिली, आत जाऊन पाहिली, बाहेर आले. मी हात जोडायला गेलो तर माझे हात उघडेचनात. ताडपत्रीच्या दोरीभोवती बोटं तशीच वळलेली. भोयर भाऊंनी ती एकेक करून सोडवली. म्हणाले, "राहू द्या बाबूजी. भिंत बांधून टाका आता. अंदाजपत्रकाबाहेर बांधा."

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, सुटलो. अहो, खरी फजिती तर इथून सुरू होते.

जो मुरूम पाव हिश्शात आणला होता तो आता उचलून परत न्यायचा होता, कारण भिंतीचा पाया त्याच्याखाली खणायचा. आणताना माल फुकट होता. नेताना कोणालाच नको होता. शेवटी तो ठेवायला मी शेजारचा रिकामा प्लॉट भाड्याने घेतला. मातीला भाड्याने जागा घेऊन देणारा मीच पहिला असेन. पुन्हा तीच माती, तेच टिप्पर, तेच गाडीभाडं, फक्त तोंड उलटीकडे. या वेळी "येऊ द्या" म्हणायला मी गेलो नाही.

मग खणायला घेतलं तर खाली काळी माती. पल्लवी म्हणाली, ही पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हिच्यावर भिंत उभी करणं म्हणजे झोपलेल्या म्हशीवर. कडक थर लागेपर्यंत खाली जावं लागेल. गेलो. भिंत खालून वाढली. मग लोखंड. मग भिंतीच्या पाठीला खडी आणि पाणी निघायला पाइपचे तुकडे, नाहीतर मागे साठलेलं पाणीच तिला ढकलेल. मी दबकत विचारलं, एवढी उंच लागेलच का, थोडी कमी केली तर? तर म्हणाली, "काका, उंची दुप्पट झाली तर खर्च दुप्पट होत नाही. त्याच्या कितीतरी पुढं जातो. म्हणून तर मी म्हणत होते, पूर्ण सपाट करू नका, घर दोन पायऱ्यांत घेऊ, पुढचा भाग वर, मागचा खाली. भिंत निम्मी लागली असती." हे ती कधी म्हणाली होती? अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर. मी दुबार सापडल्यावर पुढे वाचलंच नव्हतं.

पण आता पायऱ्यांत घ्यायला हरकत नव्हती ना, असं तुम्ही विचाराल. मी विचारलं. भिंतीचा पाया पूर्ण उंचीच्या हिशेबाने भरला गेला होता.

बँकेतला पैसा मात्र तेवढाच होता. कर्ज या वयात कोणी देईना आणि मला घ्यायचं नव्हतं. तेव्हा रोज संध्याकाळी जरीपटक्याच्या खोलीत सुमन आणि मी नकाशा पसरून बसायचो. मी भिंतीचा नवा आकडा सांगायचो आणि सुमन घराचं काहीतरी सोडून द्यायची. लोखंडाच्या दिवशी ग्रॅनाइट गेलं, ते जाणारच होतं. पाया आणखी खाली गेला त्या दिवशी दुसरी बेडरूम. खडीला हॉलचा तुकडा. माझ्या डोळ्यांसमोर घर पावसातल्या साबणासारखं लहान होत चाललं होतं. मी काही म्हणायला लागलो की ती म्हणायची, "बोलू नका. पुढचं सांगा."

ज्या दिवशी पोर्च गेलं त्या दिवशी मात्र ती नकाशावर बराच वेळ हात ठेवून बसली. मला वाटलं, आता बोलेल. जन्मभराचं बोलेल. ती म्हणाली, "वहिनींच्या खिडकीची काच बसवली का?" मी म्हटलं, बसवली. "मग ठीक," म्हणाली, आणि मेथीची जुडी घेऊन खाली फरशीवर बसली.

घर झालं. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे बसायला एवढंसं. स्वयंपाकघराची खिडकी मात्र पूर्वेला घेतली. ती मी कोणत्याही भिंतीला दिली नाही. आम्ही राहायला आलो आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी मला कोणत्याही इंजिनियरने सांगितली नव्हती.

ती भिंत आम्हाला दिसत नाही.

म्हणजे कळलं का? मातीला धरणारी भिंत मातीच्या आत. आमच्या अंगणातून पाहिलं तर मागे कमरेएवढा कठडा, बस. नातेवाईक येतात, खोली पाहतात, एकमेकांकडे पाहतात. सगळे पैसे गेले कुठे, हे तोंडावर विचारत नाहीत, पण बाहेर जाऊन आपसात बोलतात. मी कठड्याकडे बोट दाखवतो. ते मान हलवतात, आजारी माणसासमोर हलवतात तशी.

एका रविवारी सुमन म्हणाली, "चला, माझी बेडरूम दाखवा." मला कळेना. म्हणाली, "अन् पोर्चही. कुठं गेलं ते एकदा पाहू तर द्या." भिंत पाहायची तर रस्त्याने वळसा घालून भोयर भाऊंच्या स्वयंपाकघराशेजारच्या अंगणात जावं लागतं. गेलो.

भिंत काय दिसत होती! मी स्वतः मान वर करून पाहत राहिलो. सरळसोट, भक्कम, किल्ल्याला शोभावी अशी. भोयर भाऊंनी तिला पांढरा चुना दिला होता, दोडक्याचा वेल चढवला होता, तिच्या सावलीत बाज टाकली होती. बाजेवर रामटेकहून आलेले त्यांच्या सासरचे एक सोयरे बसले होते, पागोटं मांडीवर, हातात चहाची बशी. तेही भिंतच पाहत होते. आम्हाला भोयर भाऊंनी खुर्च्या दिल्या, वहिनींनी चहा आणला; ओळख करून देण्याआधीच पाहुण्यांनी विचारलं, "एवढी भिंत तुम्ही बांधली का जावई?"

"नाई जी," भोयर भाऊ म्हणाले. "वरच्या बाबूजीनं बांधली. त्याच्या पैशानं."

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. "तुमच्या आंगनात?"

"दिसते आमच्या आंगनातून. सावली आमची, वेल आमचा. पैसे त्याचे."

"अन् तो राहते कुठं?"

भोयर भाऊंनी हनुवटीने वर दाखवलं. कठड्याच्या वर आमच्या खोलीचा कोपरा दिसत होता, लहानसा. पाहुण्यांनी तो पाहिला, मग भिंत पाहिली, मग पुन्हा तो पाहिला. हिशेब त्यांना जुळेना. शेवटी ते माझ्याचकडे वळले, कारण मी त्यांच्या वयाचा आणि समजदार दिसत होतो.

"मले सांगा भाऊ, स्वतः खोलीत राहून दुसऱ्याले एवढी भिंत बांधून देते, तो मानूस एक तर लय पैशेवाला असन, नाई तं येडा. काय म्हनता?"

मी चहात तोंड घातलं. भोयर भाऊ वेलाकडे पाहू लागले. सुमनने कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि अगदी आदराने म्हणाली,

"पैसेवाले नाहीत जी ते."